घाबरा, पण बसून घाबरा

आमच्या डॉक्टरसाहेबांना कुणी देवमाणूस म्हटलं की ते भडकायचे. "देव फी घेतो का? मी घेतो. ठेव तिथं," म्हणून टेबलावरच्या पितळी वाटीकडं बोट करायचे. वसमतला हळदीच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचा डोळ्यांचा दवाखाना होता. सीझनमध्ये त्या गल्लीतली हवासुद्धा पिवळी असायची. हमाल, अडते, गाडीवाले, सगळे डोळे चोळत आत यायचे आणि डॉक्टर पहिली शिवी हळदीला घालायचे, दुसरी डोळे चोळणाऱ्याला. या असल्या धुळीत दवाखाना टाकायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, असं मी एकदा विचारलं. "गिऱ्हाईक जिथं, तिथं दुकान. अक्कल हाय का तुला?" म्हणाले.

अंगात पांढरा कोट त्यांनी कधी घातला नाही. बंडी असायची आणि बंडीच्या खिशात भाजलेल्या शेंगा. रोग्याच्या डोळ्यात बॅटरी मारतानासुद्धा तोंड चालू. हैदराबादेत शिकलेला माणूस, पण चिडला की आमच्यासारखा बोलायचा आणि चिडलेले नाहीत असं मी त्यांना फार कमी वेळा बघितलं. "घाबरू नका" हे वाक्य बाकीचे डॉक्टर दिवसभर बोलत असतात. यांच्या तोंडून ते कधीच निघालं नाही. कुणी रडायला लागलं, हातपाय गाळले, की हे स्टूल पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "घाबरा. घाबरायचीच गोष्ट हाय. पण बसून घाबरा, मला बघू द्या."

भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. पण आमच्यासारख्या अडाणी लोकांसाठी त्यांनी स्वतःच्या हातानं दुसरा काढला होता, मेंढ्यांचा. वर थोरली मेंढी, खाली बारीक होत होत शेवटच्या ओळीत उवेएवढ्या. कुणाचं तोंड डावीकडं, कुणाचं उजवीकडं. "तोंड कुणीकडं?" एवढंच विचारायचे. एकदा औंढ्याकडचा एक म्हातारा धनगर स्टुलावर बसला आणि म्हणाला, "साहेब, ही मेंढी न्हाई. ही डुकरीण हाय." झालं! बाहेर माणसं ताटकळलेली आणि हे दोघं मेंढीच्या पाठीवरून भांडून राहिले. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा तक्त्यावरच्या सगळ्या मेंढ्यांना लोकर फुटलेली होती.

आणि तिसरी त्यांची खोड म्हणजे नाक. कुठलाही रोगी येवो, डोळ्यात कचरा गेला म्हणून येवो, नाहीतर पोराला चष्मा पाहिजे म्हणून येवो, त्याला समोर बसवून म्हणायचे, "माझ्या नाकाकडं बघ. मान हलवायची न्हाई." मग स्वतःचे दोन्ही हात बाजूला पसरून बोटं नाचवायचे. "बोट हललं की सांग." नाक होतंही बघण्यासारखं, मोठं आणि टोकाला लाल. बाजारातली पोरं त्यांची नक्कल करायची. डॉक्टर अर्धा येडा आहे असं गावात सगळ्यांचं मत होतं आणि ते त्यांना माहीत होतं. "अर्धाच म्हणतात ना? मग ठीक हाय," म्हणायचे.

आता माझं सांगते. माझं सांगितल्याशिवाय या माणसाचं काही कळायचं नाही.

माझं माहेर कळमनुरीच्या बाजूला. दिलं कुरुंद्याजवळच्या एका गावात, धनगराच्या मोठ्या, दीर-जावांच्या घरात. मेंढरं, शेळ्या आणि थोडी हळद. नवरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचा तो पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचा. घरात हुकूम मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्याचा, आणि त्याच्या आत आत्याबाईंचा, म्हणजे सासूचा. आमच्यात थोरला माणूस आला की सुनेनं उठून उभं राहायचं आणि डोईवरचा पदर कपाळाखाली ओढायचा. मी चांगली वागत होते हो. जिभेला धार होती, ती अजून आहे, पण रीतीत कधी चुकले नव्हते.

मग चुकायला लागले. मामंजी बाजूनं येऊन उभे राहायचे आणि मी आपली निवांत भाकरी थापत बसलेली. उठणं नाही, पदर नाही. पाव्हणे आले, मी त्यांच्या अंगावरून निघून गेले. दुधाचं भांडं लाथाडलं. दाराच्या चौकटीला खांदे आपटून आपटून दोन्हीकडं काळेनिळे झाले. आत्याबाई म्हणाल्या, "माजलीय. सासरा दिसंना हिला."

"दिसले न्हाईत मला, आत्याबाई."

"सुईत दोरा ववती, तांदळातला खडा येचती, अन एवढा सा फुटाचा माणूस दिसत न्हाई व्हय!"

खरंच होतं ते. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा. समोरचं लख्ख दिसत होतं. बाजूचं दिसत नाही हे मला स्वतःलाच कळलेलं नव्हतं, कारण पदर ओढला की बाजूचं कुणाला दिसतं? सगळ्या बाया तशाच चालतात. मला वाटायचं, आपलं ध्यान नाही. ध्यान देऊन देऊन डोकं ठणकायचं. त्यात लग्नाला बरीच वर्षं होऊन लेकरू नाही, पाळी येणं बंद झालेलं. आणि एक गोष्ट अशी होती की जी मी आईलासुद्धा सांगितली नव्हती.

शेवटी मामंजींनी चार थोरल्या माणसांत बसून ठरवलं, पोरगी मग्रूर आहे, माहेरी पोचती करायची. माझा बाप आला. त्यानं हातापाया पडून एवढंच मागितलं की एकदा डोळे दाखवा. मामंजी तयार झाले. त्यांचा हिशोब सरळ होता. डॉक्टरनं डोळे चांगले आहेत म्हटलं की माझं खोटं उघडं पडणार आणि कुणी त्यांना नावं ठेवणार नाही. मलाही ते ठाऊक होतं. म्हणजे त्या दिवशी मी वसमतच्या गाडीत बसले ती सासरहून जवळजवळ उठलेलीच बाई होते.

डॉक्टरांनी मला मेंढ्या दाखवल्या. मी पदराआडून धडाधड तोंडं सांगितली. डावं, उजवं, उजवं, डावं. उवेएवढ्या मेंढ्यासुद्धा. शेवटच्या ओळीला पोचले तेव्हा उमजलं. मी स्वतःच्या तोंडानं स्वतःला घराबाहेर काढत होते आणि खोटं बोलायचं डोक्यातच आलं नाही.

मामंजी उठले. "बघा. म्या म्हणलं न्हवतं? नजर घारीवानी हाय. चला."

"बसा खाली," डॉक्टर म्हणाले. "माझं झालं न्हाई अजून. बाई, माझ्या नाकाकडं बघ. अन तो पदर मागं घे."

मामंजी म्हणाले, "डाक्टरसाब, आमच्यात सासऱ्यापुढं सून पदर मागं घेत न्हाई."

"मग तुमी बाहेर जा."

"परक्या बाप्याजवळ सून एकली ठिवत न्हाई."

"मग डोळे काय तुमच्या गावात ठेवून आलाव का? मी बघू कसं?"

मामंजी हटेनात, डॉक्टर हटेनात. मधे मी स्टुलावर. आणि मग डॉक्टरांनी जे केलं ते आमच्या सात गावांत कुणी केलं नसेल. खुंटीवरचा पंचा काढला आणि तरातरा जाऊन मामंजींच्या पटक्यावरून घातला, थेट सुनेसारखा कपाळाखाली ओढून. मामंजी तालेवार माणूस, पंचायतीत शब्द चालणारा. ते इतके गार पडले की हात उचलायचं सुचलं नाही.

"आता माझ्या नाकाकडं बघा. ही बोटं दिसतात?"

"न्हाई," मामंजी पंच्याआडून म्हणाले.

"ही?"

"न्हाई."

"मग सून तुमाला बघत न्हाई म्हणून काहून बोंबलता? तुमी तरी कुठं बघून राहिलाव मला?" त्यांनी पंचा ओढून काढला. "आता दिसली बोटं? बराबर. आता तिला मागं घेऊ द्या. एवढंच बघायचंय मला. तिचा पदर काढल्यावर तिला दिसतं का न्हाई."

मामंजींनी भिंतीकडं तोंड केलं. तीच त्यांची परवानगी. मी पदर मागं सारला. लाजेनं नाही, रागानं. मी त्या लाल नाकाकडं बघत राहिले. डॉक्टरांचे हात दोन्ही बाजूंना गेले. मला वाटलं, बोटं नाचवत नाहीयेत.

"हललं की सांग."

"हलवा की मग."

"कवाचा हलवून राहिलो, पोरी."

मग त्यांनी लाल डोक्याची टाचणी घेतली आणि बाजूनं हळूहळू आत आणली. ती पार नाकासमोर आली तेव्हा मला दिसली. दुसऱ्या बाजूनंही तसंच. भिंतीकडं तोंड केलेले मामंजी केव्हा वळले मला कळलं नाही, कारण ते माझ्या बाजूला होते. डॉक्टरांनीच बोट दाखवून सांगितलं, "तुझा सासरा इथं उभा हाय. हातभर अंतरावर. तुला दिसतो?"

"न्हाई."

मामंजींच्या तोंडून आवाज निघाला, "अरं माझ्या कर्मा." मग डॉक्टरांनी त्यांना सरळ चहा प्यायला हाकललं आणि या वेळी ते गेले.

दार उघडं ठेवून, दारात स्वतःच्या बायकोला बसवून, डॉक्टरांनी मला विचारलं, "पाळी बंद हाय? अन लेकरू नसताना अंगावर दूध येतं?"

हीच ती गोष्ट. आईलासुद्धा न सांगितलेली. लेकराशिवाय दूध येतं म्हणजे काय म्हणतील लोक? चेटूक म्हणतील, नाहीतर त्याहून घाण काहीतरी. मी रात्री छातीला फडकं आवळून बांधून झोपत होते. मी ओरडलेच, "तुमाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या डोळ्यांनी सांगितलं. घाबरलीस? घाबर. तू बसलेलीच हायस."

मामंजी परत आल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून लेंग्याच्या दोन नाड्या काढल्या. टेबलावर एकमेकींवरून फुलीसारख्या टाकल्या आणि खालून हळदीचा एक गड्डा सरकवला. डोळ्यांच्या नसा मागं मेंदूकडं जाताना अशा एकमेकींना ओलांडतात, म्हणाले. त्यांच्या बरोबर खाली एक ग्रंथी असते, वाटाण्याएवढी. अंगातलं दूध, पाळी, वाढ, सगळ्याचा कारभार तिच्याकडं. तिच्यावर गाठ आली की ती वर नसांना ढकलते. फुलीच्या मधोमध दाबलं की दोन्ही बाजूचं दिसणं जातं, समोरचं राहतं. गड्डा आणखी वर दाबला तशा नाड्या ताणल्या. "असंच चालू दिलं तर समोरचंबी जातंय," म्हणाले.

"ठार आंधळी?" मामंजींनी विचारलं.

"ठार."

मामंजी खाली बसले. स्टूल दूर होतं म्हणून जमिनीवरच बसले.

डोक्याच्या फोटोसाठी नांदेडला जायचं होतं. डॉक्टर आमच्याबरोबर एसटीनं आले. त्यांना गाडी लागायची. सबंध रस्ता नाकाला लिंबू लावून दारात उभे राहिले आणि कंडक्टरनं आत सरका म्हटलं की त्यालाच, "तुझ्या अंगावर ओकू का?" फोटोत गाठ निघाली. तिथले डोक्याचे सर्जन म्हणाले, नस एवढी दाबली आहे तर ऑपरेशन करून टाकू, नाकातून करता येतं. आमचे डॉक्टर म्हणाले, "आधी रक्त तपासा. ही गाठ दूध आणणारी असली तर गोळीनं आटते." सर्जन वयानं लहान, मोठ्या शहरातून शिकून आलेले. ते म्हणाले, थांबून डोळे गेले तर? आमचे म्हणाले, रोज मी बघतो, एक बोटभर जरी कमी दिसलं तर तुमच्या टेबलावर आणून टाकतो. बराच वेळ दोघांचं चाललं होतं, इंग्रजीत आणि मधूनच शिव्या मराठीत. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा दूध आणणारं ते द्रव्य भलतंच वाढलेलं निघालं आणि सर्जन आपण होऊन म्हणाले, गोळीच देऊ. चांगला माणूस होता तोही.

गोळीनं मी ओकून ओकून बेजार झाले. उठलं की गरगरायचं. आत्याबाई म्हणाल्या, विष आहे, बंद कर. डॉक्टरांकडं गेले तर म्हणाले, "अर्धी घे, जेवणाबरोबर घे, अन आडवी हो. ओकलीस तर ओकलीस. सोडलीस तर बघ." मी सोडली नाही. हट्टाचं मला कुणी शिकवायला नको होतं.

एक दिवस मेंढरांमागं चालले होते. मान सरळ. आणि डाव्या अंगाला एक कोकरू दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरताना दिसलं. वळले नव्हते हो मी! बसल्या जागी, म्हणजे चालल्या जागी, दिसलं. मी तिथंच ओरडत सुटले. हरभऱ्याचा मालक काठी घेऊन धावत आला, मी त्याच्याकडं बघून हसत होते. घरी आले तर मामंजी उजव्या हाताला खाटेवर बसलेले. मी पदर ओढला नाही. आधी सांगितलं, "मामंजी, दिसले तुमी." ते डोक्याचा पटका सारखा करत राहिले. माहेरी पोचती करायचं त्यानंतर घरात कुणी काढलं नाही.

पुढं काही वर्षांनी, परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा निघाला त्या सुमाराला, मला दिवस गेले. दुसऱ्या फोटोत गाठ बरीच आटलेली होती, तरी डॉक्टरांनी हातातले शेंगदाणे फेकले. "अक्कल गहाण टाकलीस का? या दिवसांत ती ग्रंथी आपोआप फुगते. गाठबी फुगंल. गोळी आता थांबवतो, पण तू दर महिन्याला यायचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढचं तू ठरव. तुझी सासू न्हाई, नवरा न्हाई, मीबी न्हाई." मी ठरवलेलंच होतं. मला लेकरू पाहिजे होतं आणि डोळेही पाहिजे होते. दोन्ही. काहून मागू नये?

सातव्या महिन्यात बाजू पुन्हा पुसट व्हायला लागल्या. मला आता पारख आली होती. रोज दोन्ही हात पसरून स्वतःची बोटं स्वतः नाचवून बघत होते. घरी सांगितलं की गोळी परत सुरू करावी लागेल. तर आत्याबाईंनी औषधाच्या दुकानातून आधीच ऐकून ठेवलेलं होतं की ही गोळी बाळंतिणीचं दूध सुकवायला देतात.

"आईचं दूध सुकवणार? लेकरू उपाशी मारतीस? दोन महिने कळ काढ. डोळ्याचं काय एवढं, लेकरू हाय की तुझ्यासाठी बघाया!"

"आत्याबाई, मला लेकराचं तोंड बघायचंय. माझ्या डोळ्यांनी."

"जायचं न्हाई."

"चालले मी."

मामंजी काठी उचलून माझ्या पुढं चालायला लागले आणि फाट्यापर्यंत आले. त्या घरात याचा अर्थ काय होतो ते त्या घरात राहिलेल्यालाच कळेल.

डॉक्टरांनी टाचणी फिरवली. परत फिरवली. मग टाचणी ठेवून स्वतःच खुर्चीत बसले. मी विचारलं, "डाक्टरसाब, काय झालं?"

"घाबरलो," म्हणाले.

त्यांनी गोळी त्याच दिवशी सुरू केली. मी दुधाचं विचारलं तेव्हा ओरडले नाहीत. "तुझ्या जावेला लेकरू हाय ना अंगावर? दूध तिच्याकडं मागता येतंय. डोळे कोण देतंय उसने?" मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा रडले. आधी चोरून लपवलेलं दूध आता पाहिजे होतं आणि आता तेच माझ्या हातानं घालवायचं होतं. फार लागलं ते मला. अजून लागतं. तिथंच पाण्याचा पेला मागून घेतला आणि गोळी गिळली.

पोरगा झाला वसमतच्याच दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डात हे हजर. बंडीत, खिशात शेंगा. बाया पदर ओढून खुदखुदायला लागल्या. मी डोळ्यांवर हात ठेवून पडले होते. पोराला अजून नीट बघितलं नव्हतं. खरं सांगते, बघायची भीती वाटत होती. तोंडाच्या दोन्ही बाजू गायब असलेलं लेकरू दिसलं तर काय करायचं?

"उठून बस. माझ्या नाकाकडं बघ," म्हणाले. खिसे चाचपले. टाचणी विसरलेले होते. इकडं तिकडं बघितलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "ते पोरगं आणा. तिच्या मागून, उजव्या अंगानं. हळू. आणखी हळू, घाई कशाची हाय?"

आत्याबाई कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. पण पोराला दोन्ही हातांवर धरून त्या पाऊल पाऊल पुढं सरकायला लागल्या. मी नाकाकडं बघत होते. उजवीकडं भिंत होती, खिडकी होती. मग भिंतीच्या कडेला काहीतरी लाल लाल हललं.

"मूठ," मी म्हणाले. "मूठ आली."

"खोटं बोलू नको."

"मूठ हाय, डाक्टरसाब. आता कान. आता कपाळ."

"थांबा तिथंच," ते आत्याबाईंवर ओरडले आणि आत्याबाई जागच्या जागी थांबल्या. त्या रडून राहिल्या होत्या, तेही मला बाजूनं दिसलं. "आता डाव्या अंगानं आणा. अन तू, मान हलवायची न्हाई. अजून एक बाजू राहिलीय. हलवायची न्हाई म्हणलं ना!"

मी मान वळवली आणि माझ्या लेकराकडं बघितलं.